टिंबाचे आणि बिनटिंबाचे

सिद्धापूर,
रविवार, ११ फेब्रुवारी

चि. सहनाला अप्पय्याचा आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. आयीचा गुडघा थंडीभर कुरकुरत होता, आता उन्हं तापायला लागल्यापासून गप्प आहे. गाय व्याली, पाडी झाली. तुझंही बरं चाललं असेल असं धरून चालतो. फोन केला की वाजतो आणि मग आपोआप बंद होतो, त्यावरून निदान फोन शाबूत आहे एवढं कळतं.

म्हणून हे पत्र. कागद मध्येच कापता येत नाही. बसचा ड्रायव्हर कृष्ण पुजारी तुझ्या खोलीच्या नाक्यावर पिशवी ठेवेल. पिशवीत अप्पेमिडीच्या कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं आहे आणि आयीने केलेले उसाच्या रसाचे पातळ तोडदेव. तोडदेवांचा डबा सरळ धर, नाहीतर भुगा खायला लागेल.

तुझ्या कंपनीकडून परवा आमच्या सुपारी संघाला ईमेल आली. 'आपल्या कार्यालयात स्थानिक पातळीवर केलेल्या सर्व जोडण्या व बदल कळवावेत.' कळवले. पण त्यांनी दिलेल्या रकान्यात ते मावले नाहीत, तेव्हा तुला सविस्तर लिहितो. माझ्या हातांनी काय काय केलं ते घरात एका माणसाला तरी ठाऊक असावं.

वजनकाट्यापासून संगणकापर्यंतची तार मी ओढली. काटा मुळात मुका होता. त्याच्या आकड्यांच्या पट्टीमागून तारा काढून त्याला मी बोलता केला, तेव्हा तू दुसरीत होतीस. आवारातला सुपारीचे भाव दाखवणारा लाल आकड्यांचा फळा बसस्थानकाने मोडीत काढलेल्या पाटीतून केला. वीज गेली की कार्यालय ज्यावर चालतं त्या ट्रकच्या बॅटऱ्या मी जोडल्या. लोक दोन बॅटऱ्या आहेत असं सांगतात, त्या चार आहेत. दोन फळीमागे असल्याने दिसत नाहीत. गोदामातून जाणारी केबल उंदरांनी कुरतडू नये म्हणून ती पाण्याच्या काळ्या पाइपातून नेली आणि पाइपाच्या दोन्ही तोंडांना काथ्या आणि डांबराची बुचं मारली. कन्नड अक्षरात पावती छापणारा आमचा पहिला प्रोग्राम मी लिहिला, तो तुमची कंपनी येईपर्यंत अकरा वर्षं चालला आणि एकदाही त्याने कुणाचं नाव चुकवलं नाही. रोज संध्याकाळी सगळ्या हिशोबाची नक्कल काढणारी सोय माझी. तिची एक प्रत कार्यालयात राहते आणि एक माझ्या जेवणाच्या डब्याबरोबर घरी येते. आणि तुझा पाळणा, फणसाच्या लाकडाचा, एकही खिळा न मारता. पाळणा हा कार्यालयातला बदल नव्हे हे मला कळतं. पण मोजायला बसलं की हात थांबत नाही.

ह्यातल्या कशाचंही सर्टिफिकेट माझ्याकडे नाही. पीयूसीच्या बारावीला दोनदा बसलो, पुढे बसायला घरच्यांनी नको म्हटलं. हुबळीच्या रद्दीवाल्याकडून इंग्रजी पुस्तकं आणून, मांडीवर शब्दकोश घेऊन शिकलो. हे तुला पाठ आहे. तरी लिहिलं.

आता तुझ्या लोकांबद्दल.

सहना, तुम्ही लोक शुक्रवारी संध्याकाळी काय खाता? पाच वाजले की तुमच्याकडून काहीतरी सुटतं आणि आमच्या अंगावर येऊन पडतं. पूर्वी वर्षातून एकदा नवी आवृत्ती यायची. आधी चिठ्ठी यायची, मग माणूस यायचा, आपल्याकडे जेवायचा, दुसऱ्या दिवशी काम करायचा. आता पंधरा दिवसांनी येते, कधी आठ दिवसांनी, आणि एक नाही, तीन तीन. वजनाचा पडदा करणारे तुमच्यात वेगळे, पावती छापणारे वेगळे, मोबाईलवाले वेगळे. ह्या तिघांची गाठ बहुधा कुणाच्या तरी लग्नातच पडत असावी.

डिसेंबरातलं सांगतो. छपाईवाल्यांनी कागदाचं माप बदललं. त्याच संध्याकाळी वजनवाल्यांनी 'पक्के' आणि 'रद्द' ह्या दोन बटणांच्या जागा बदलल्या, का तर आता जगात सगळीकडे तशीच असतात म्हणे. जगाचं माहीत नाही. काउंटरवरच्या गिरिजक्काचं बोट गेली सात वर्षं उजवीकडे जातंय. सोमवारी सकाळी तिने आलेल्या सगळ्या गाड्या एकामागून एक रद्द केल्या आणि रद्द झाल्याच्या पावत्या अर्ध्याच छापून आल्या. मी तुमच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पोरगा गोड बोलणारा होता, त्याचा दोष नाही.

"सर, तुमची आवृत्ती कोणती?"

"वजनाची नऊ, छपाईची सात. मोबाईलची मला विचारू नका."

"छपाईची आठ घ्या ना, सर."

"आठ घेतली की कन्नड जातं. अक्षरांच्या जागी चौकोन येतात."

"ते नवात दुरुस्त केलंय, सर."

"मग नऊ द्या."

"शुक्रवारी येईल, सर."

आला शुक्रवार. नऊ आली. कन्नडही आलं. पण नऊला वजनाची दहा लागत होती आणि वजनाची दहा अजून कुणी केलेलीच नव्हती! गिरिजक्का म्हणाली, "सुब्रायण्णा, हे म्हणजे नवरा मुलगा मांडवात, आणि मुलगी अजून शाळेत." मी हसलो नाही. घरी येऊन आयीला सांगताना हसलो.

आता गेल्या सोमवारचं. तुला कळलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक, कारण तुमच्या कार्यालयात ते ज्या शब्दांत पोचलं असेल ते बरोबर नसणार.

आधी नावांची गोष्ट सांगावी लागेल. तुला गरज नाही, पण मांडणी नीट झाली पाहिजे. आपल्याकडे थोरल्या मुलाला आज्याचं नाव. होसगद्देच्या घरात महाबलेश्वराचा मुलगा परमेश्वर, आणि परमेश्वराचा मुलगा पुन्हा महाबलेश्वर. म्हणजे आजा महाबलेश्वर परमेश्वर हेगडे आणि नातूही महाबलेश्वर परमेश्वर हेगडे. गाव एक, घर एक, बाग एक, शेजाऱ्याशी भांडणही एकच. अशा जोड्या संघात शेकड्यांनी. म्हणून पूर्वीचे कारकून तिम्मण्ण भट्ट रजिस्टरात आज्याच्या नावापुढे एक टिंब देत. मी संगणकात तेच चालू ठेवलं. टिंब असेल तो आजा, नसेल तो नातू. गिरिजक्का नाव विचारल्यावर लगेच विचारते, "टिंबाचे की बिनटिंबाचे?" गावात कुणाला नातू झाला की लोक पेढ्याआधी म्हणतात, "लागलं का टिंब?" इतकं ते आपल्या अंगवळणी पडलंय.

दोन तारखेच्या शुक्रवारी तुमच्याकडून दोन गोष्टी आल्या. एकीने नावांची साफसफाई केली: नावातली सगळी टिंबं, जादा मोकळ्या जागा, सगळं पुसून टाकलं. दुसरी वेगळ्याच टोळीने केलेली. तिने एकाच गावातली, एकाच नावाची दोन खाती दिसली की ती एकत्र करून टाकली. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. पहिली पाचला आली, दुसरी सव्वापाचला.

सोमवारी सुपारीचं टेंडर. आवारात राशी सुपारीचे ढीग लागलेले, व्यापारी विड्याची पानं जमवत फिरतायत. धाकटा महाबलेश्वर ट्रॅक्टर घेऊन आला. ज्या ढिगाला संगणकाची चिठ्ठी लागत नाही तो ढीग टेंडरात जात नाही, हे तुला ठाऊक आहे. गिरिजक्काने नाव घातलं आणि ती पडद्याकडे बघतच राहिली.

"माणी, पोरा, दाखला आण."

"कसला दाखला, अक्का?"

"जिवंत असल्याचा. तुझं वय चौऱ्याऐंशी आहे."

"मी सत्तावीस!"

"ऐंशीच्या वरच्यांना दरवर्षी दाखला लागतो. तू दिलेला नाहीस."

"अक्का, मी तुझ्यासमोर उभा आहे ना?"

"मला दिसतोयस रे. ह्याला कुठे दिसतोयस."

तेवढ्यात त्याला घरून फोन. आजोबांच्या मोबाईलवर संदेश गेला होता की बुलेटच्या कर्जाचा हप्ता थकला आहे. म्हातारा आतल्या खोलीतून ओरडत होता म्हणे, "मी बुलेट घेतली कधी, आणि घेतली तर ती आहे कुठे?"

एव्हाना रांगेत मागे असेच सगळे. कुणी अचानक सासऱ्याहून म्हातारा झालेला, कुणाची बाग आज्याच्या नावावर परत गेलेली. आरडाओरडा सुरू झाला. एक जण म्हणाला माल उचलतो आणि सिरसीच्या बाजारात नेतो. अध्यक्ष आतून बाहेर आले, आणि बाहेरचं बघून पुन्हा आत गेले. मी बेंगळुरूला फोन लावला. "सर, मागे जाता येत नाही. दुरुस्ती पुढच्या शुक्रवारी."

मग मी माझ्या डब्याबरोबर घरी गेलेली गुरुवारची प्रत मागवली. आयी स्वतः रिक्षाने घेऊन आली, पदराखाली धरून, जणू दूध आहे. फक्त नावं आणि त्यांची वेगवेगळी खाती परत चढवायला घेतली. ते चाललं असताना रांगेला काहीतरी काम द्यायला हवं होतं. गिरिजक्का काउंटरवर उभी राहिली आणि ओरडली, "टिंबाचे इकडे, बिनटिंबाचे तिकडे!" सहना, अख्खा तालुका दोन रांगांत उभा राहिला. हेग्गरणीचे श्रीपाद भट्ट गेल्याच महिन्यात आजे झालेत. ते बिनटिंबाच्या रांगेतून बाहेर पडले, धोतर सारखं केलं आणि सगळ्यांच्या देखत चालत टिंबाच्या रांगेत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोनचं टेंडर चारला उघडलं. भाव चांगला लागला. कुणाचाही माल परत गेला नाही.

एवढंच. संचालक मंडळाने मला झाल्या प्रकाराचं कारण लिहून द्यायला सांगितलंय. देईन, घाई नाही.

ती साफसफाई तुमच्यात कुणी लिहिली हे मला ठाऊक नाही, आणि मी विचारतही नाही.

आयी म्हणते डबा परत पाठव. आणि जेवत जा.

तुझा,
अप्पय्या


सिद्धापूर,
रविवार, १८ फेब्रुवारी

चि. सहना, आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी डब्यात मिळाली. नशीब, डबा मी उघडला. चिठ्ठी आयीला दाखवलेली नाही. पण आयीने मला "काय लिहिलंय?" असं विचारलं नाही, त्यावरून तिला सगळं कळलंय असं धर.

तू चार ओळी लिहिल्यास. टिंबाच्या गावची पोरगी, आणि टिंबं मीच पुसली, मला कुणाला तोंड दाखवायचं नाही, राजीनामा लिहून ठेवलाय. बरं. आता मी लिहितो ते सावकाश वाच.

मला ठाऊक नव्हतं असं मी गेल्या पत्रात म्हटलं. ठाऊक होतं. नव्या आवृत्तीबरोबर बदलांची टिपणी येते, ती मी एकटाच वाचतो बहुतेक, सगळ्या चाळीस संघांत. त्या सोमवारी सकाळीच वाचली होती. खाली तुझं नाव होतं, माझ्या नावासकट: सहना सुब्राय हेगडे. एरवी मी ती टिपणी छापून भिंतीला लावतो, म्हणजे गिरिजक्काला कळावं काय बदललंय. त्या दिवशी छापली नाही. अध्यक्षांनी विचारलं, "हे केलं कुणी?" मी म्हणालो, "बघतो." तू फोन उचलत नव्हतीस, म्हणजे तुलाही कळलं होतं, आणि मला कळलंय हेही तुला कळलं होतं. मग आपण दोघं आठ दिवस गप्प. ह्याला काय अर्थ आहे?

पण दुसरी गोष्ट मी त्याहून जास्त टाळली, ती लिहितो. साफसफाई व्हावी ही तक्रार कुणाची होती? संक्रांतीला तू आली होतीस तेव्हा पडवीत जेवताना मीच तुझ्या मागे लागलो होतो. एकाच माणसाचं नाव कुणी 'एम.पी. हेगडे' असं जोडून लिहितं, कुणी मध्ये जागा सोडून, कुणी टिंबांशिवाय, आणि तुमचं नवं मोबाईलचं यंत्र त्याला तीन माणसं समजतं. तुमच्या कंपनीत एकाला तरी हे दिसतं का, असं मी म्हणालो होतो. तू ताटावरून उठून वहीत लिहून घेतलंस. आयी ओरडली, जेवून घे आधी. तू अप्पय्याच्या तक्रारीसाठी ते काम मागून घेतलंस, आणि केलंस. आद्याक्षरांमधली टिंबं काढताना नावाच्या शेवटचं टिंबही गेलं. एकटं गेलं असतं तर? मी विचार करून पाहिला. एकटं गेलं असतं तर गिरिजक्काने पहिल्याच माणसाला नाव विचारलं असतं, टिंब दिसत नाही म्हणून मला हाक मारली असती, आणि मी अर्ध्या तासात परत चढवली असती. तुझं काम चुकीचं नव्हतं. खाती एकत्र करणाऱ्यांचंही नव्हतं; त्यांच्या हातात नावं आली ती टिंब पुसलेली आली. दोन सरळ माणसं एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडली आणि डोकी आपटली. दारात उभं राहून "थांब, तिकडून कुणी येतंय" म्हणणारं कुणी नव्हतं.

मंडळाला मी हेच लिहून दिलं. नाव कुणाचंच घातलं नाही. अध्यक्षांनी वाचलं आणि म्हणाले, "सुब्राया, ह्यात दोषी कोण ते कळत नाही." मी म्हणालो, "बरोबर वाचलंत."

लोकांचं म्हणशील, तर लोक विसरले नाहीत, पण तुला वाटतं तसंही नाही. बुधवारी होसगद्देचे थोरले महाबलेश्वर आपल्या घरी आले. नातवाच्या बुलेटवर मागे बसून, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस! ताक प्यायले आणि म्हणाले, "तुझी पोरगी बेंगळुरात त्याच कंपनीत ना?" मी सावध झालो. "हो," म्हणालो.

"तिने केलं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? तू गेले आठ दिवस कुणाला शिव्या दिल्या नाहीस. एरवी शुक्रवारपासून देत असतोस."

मी त्यांच्या भांड्यात आणखी ताक ओतलं. म्हातारा हसला, दातांशिवाय.

"तिला सांग, एवढी औषधं घेतली मी, कुणी मला सत्तावन्न वर्षांनी लहान केलं नाही. कर्जाच्या खात्यात तीन दिवस मी सत्तावीसचा होतो. वरून बुलेट. ह्या माणीला म्हटलं, हप्ता माझ्या नावावर आलाय तर एक चक्कर तरी मार मला घेऊन. तेव्हापासून रोज संध्याकाळी नेतो. पूर्वी बघत नव्हता माझ्याकडे."

नातू बाजूला उभा राहून जमिनीकडे बघत होता. आयीने त्यालाही ताक दिलं. जाताना म्हातारा म्हणाला, "येईल तेव्हा आमच्याकडे पाठव. तोंड दाखवायला नाही. जेवायला." हे मी जसंच्या तसं लिहिलंय, माझ्या पदरचा एक शब्द नाही.

आता तुझी मॅडम. शर्मिळा राव. गुरुवारी ती गाडी घेऊन स्वतः आली हे तुला तिने सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. मला वाटलं वकिलाला घेऊन येईल. एकटीच आली, सोबत फक्त ड्रायव्हर. सकाळभर आवारात बसली. गिरिजक्काशेजारी स्टूल टाकून बसली आणि पावत्या कशा निघतात ते पाहिलं. बटणांच्या जागांबद्दल गिरिजक्काने तिला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. बाईने ऐकून घेतलं. माझ्या बॅटऱ्या पाहिल्या आणि विचारलं, "दोनच दिसतात, चार लिहिल्या आहेत?" फळीमागे वाकून स्वतः मोजल्या. मला माणूस आवडला.

दुपारी आपल्याकडेच जेवली. जेवताना म्हणाली, "हेगडे, तुम्ही आम्हाला सगळी यादी पाठवलीत. काटा, फळा, पाइपाची बुचं. टिंब त्यात नव्हतं."

मी म्हणालो, "ते काय मी केलेलं आहे? ते आहेच. वारा आहे हे कोण कुणाला कळवतं?"

"आमच्याकडे तो वारा नाही ना," ती म्हणाली. ती हसली नाही. खरं आहे ते. यादीत मला माझी कारागिरी दिसत होती. संघ ज्यावर उभा आहे ते दिसत नव्हतं. आयीने तेवढ्यात तिच्या पानात ताकातली तंबळी वाढली आणि विषय बदलला, हे आयीचं काम.

जेवणानंतर पडवीत आम्ही तासभर बोललो. मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, शुक्रवारी काही सोडू नका. सोडायचं तर मंगळवारी सकाळी सोडा, सोमवारचं टेंडर झाल्यावर, म्हणजे मोडलं तर मोडलेलं बघायला माणसं जागेवर असतात. दुसरी, चाळीस संघांवर एकदम ओतू नका; आधी एका ठिकाणी सोडा, आठ दिवस बघा. ते ठिकाण सिद्धापूर असलं तरी माझी हरकत नाही, उलट मला बरंच वाटेल. दुसऱ्यांकडे पोचण्याआधी माझ्या शिव्या खाऊन जाईल. तिसरी, तुमच्या तिन्ही टोळ्यांच्या मध्ये एक माणूस बसवा. त्याने काही लिहू नये. कोण काय सोडतंय ते बघावं, आणि दारात उभं राहून थांब म्हणावं.

पहिल्या दोन गोष्टी तिने तिथल्या तिथे मान्य केल्या. येत्या मंगळवारपासून सुरू. तिसरी ऐकून ती जे बोलली ते शेवटी लिहितो.

आधी तुझा राजीनामा. फाडू नकोस. तारीख न घालता ठेव. बोलायला जाताना पर्समध्ये असलेला बरा, पाठ ताठ राहते. पण द्यायचा नाही. द्यायचं कारण तू लिहिलंस ते कारणच नाही. ज्याच्या हातून टिंब एकदा पुसलं गेलं तो आयुष्यात पुन्हा पुसण्याआधी विचारेल, हे कुणाचं, कशासाठी. तुझ्या जागी नवा माणूस आला तर तो पहिल्यापासून पुसायला लागेल, कधी सिरसीत, कधी सागरला, आणि तिथे गिरिजक्का नसेल.

मी इथे बरा आहे, सहना. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण आपण दोघं भेटलो की तक्रारीच करतो. तुमचं सगळं मोडकंतोडकं येतं, मी ते जोडतो, संध्याकाळी नक्कल घेऊन चालत घरी येतो, वाटेत लोक हाक मारतात. काटा बरोबर वजन दाखवतोय हे मला चालताना पायांत जाणवतं. ह्यापेक्षा जास्त काही मला हवं होतं असं आठवत नाही. माझ्याबद्दल कुणाला काही कमी वाटू नये, तुला तर मुळीच नाही. बेंगळुरात काचेच्या खोलीत बसून मी चार दिवसांत सगळ्यांना नकोसा होईन. तू होणार नाहीस. तुला ऐकून घेता येतं. ते तू माझ्याकडून शिकलेली नाहीस.

आता पडवीतलं. शर्मिळा राव म्हणाली, "तो मध्ये बसणारा माणूस तुम्हीच व्हा. सर्टिफिकेट मला नको." मी नाही म्हणालो. म्हणालो, तो माणूस तुमच्याकडे आधीच आहे, दोन्ही बाजू त्याने पाहिल्यात, टिंबाच्या घरातला आहे, आणि गेले आठ दिवस तो फोन उचलत नाही. तिने नाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "लहान आहे." मी म्हणालो, "होसगद्देला चौकशी करा, वयाचं तिथे काही खरं नसतं." तेव्हा ती पहिल्यांदा हसली. उद्या सोमवारी तुला बोलावेल, म्हणून हे पत्र आज रात्रीच्याच बसने देतोय.

मला तिने सांगितलं होतं ते असं: हुद्दा, तिन्ही टोळ्यांना थांबवण्याचा अधिकार, राहायला जागा, आणि महिना एक लाख चाळीस हजार. मी ते सोडलं. काम तेच आहे आणि खुर्ची तीच आहे. तुला त्याहून एक रुपया जरी कमी सांगितला तर घेऊ नकोस.

तुझा,
अप्पय्या